शशिकला काकोडकर (ताई): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या राजकारणावर मी काहीही लिहिलं की ताईंबद्दल प्रश्न येतातच. स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात, महाराष्ट्रातले वाचक विचारतात आणि गोव्यातली तरुण मंडळीही विचारतात. या मुलांनी 'ताई' हा शब्द आजीच्या तोंडी ऐकलेला असतो, त्यापुढचं फारसं काही माहीत नसतं. तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, गुंतागुंतीचे पुढे येतील. जिथे दोन उत्तरं एकमेकांत मिसळतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शशिकला काकोडकर कोण होत्या? थोडक्यात सांगा.

गोवा, दमण आणि दीवच्या मुख्यमंत्री. ऑगस्ट १९७३ ते एप्रिल १९७९ अशी जवळजवळ पावणेसहा वर्षं त्या या पदावर होत्या. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे मगोच्या, नेत्या. जन्म ७ जानेवारी १९३५ चा. शिक्षण पणजीत, मग धारवाड आणि मुंबईला. १९९० मध्ये त्या गोव्याच्या शिक्षणमंत्री होत्या. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्या गेल्या. गोव्याला आजवर त्यांच्याखेरीज दुसरी महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही.

२. भाऊसाहेब बांदोडकर त्यांचे नेमके कोण? मग आडनाव वेगळं कसं?

वडील. दयानंद बांदोडकर म्हणजेच भाऊसाहेब हे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, आणि ताई त्यांची सगळ्यात मोठी मुलगी. काकोडकर हे त्यांचं सासरचं आडनाव. काही वाचक त्यांना भाऊसाहेबांची सून समजतात, तर काही जण बहीण. 'ताई' या हाकेमुळे तसं होत असावं. पण ही हाक घरातली नव्हे, कार्यकर्त्यांची आणि गावोगावच्या माणसांची होती.

३. मगोच्या नावात 'महाराष्ट्रवादी' का? गोवा महाराष्ट्रात घालायचा होता ना?

हो, पक्षाची स्थापना त्याच मागणीवर झाली होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. विधानसभा ३० जागांची होती. त्यातल्या २८ गोव्याच्या, एक दमणची आणि एक दीवची. मगो सत्तेवर आला, खाणमालक भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले आणि जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला.

पुढे १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि वेगळं राहण्याची दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

त्यानंतर जे घडलं त्यात ताईंच्या कारकिर्दीचं मूळ आहे. कौल विरोधात गेला आणि दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी पुन्हा मगोला निवडून दिलं. लोकांनी विलीनीकरण नाकारलं, पण भाऊसाहेबांना नाकारलं नाही. मगोमागची माणसं कूळ, मुंडकार (हे शब्द प्रश्न ७ आणि ८ मध्ये उलगडले आहेत), बहुजन समाजातली होती, आणि त्यांना पक्षाकडून नकाशावरच्या रेषेपेक्षा शाळा आणि जमीन हवी होती. ताईंच्या वाट्याला पक्ष आला तो हा. कौलाचा निकाल लागून सहा वर्षं उलटली होती आणि पक्षाच्या नावातला पहिला शब्द मागे पडला होता.

४. खरं सांगा, वडील मुख्यमंत्री नसते तर त्या मुख्यमंत्री झाल्या असत्या का?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. माझं उत्तर: नाही, १९७३ मध्ये तर नक्कीच नाही.

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब पदावर असतानाच अचानक गेले. ताई त्या वेळी ३८ वर्षांच्या होत्या. १९७२ च्या निवडणुकीत आमदार होऊन त्या वडिलांच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या होत्या. म्हणजे मंत्रिपदाचा अनुभव दीडेक वर्षाचा. पक्षात त्यांच्याहून जुने लोक होते. पण भाऊसाहेबांनी पक्ष स्वतःच्या खांद्यावर उभा केला होता. त्यांच्यानंतर सगळ्यांना एकत्र ठेवू शकेल असं नाव त्यांच्या घरातलंच होतं. हे कबूल करण्यात ताईंचा कमीपणा होतो असं मला वाटत नाही.

एक मात्र सांगायला हवं. वडिलांचं राजकारण आणि समाजकार्य त्यांनी मुक्तीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपासून जवळून पाहिलं होतं. आयत्या वेळी घरातून उठून खुर्चीवर बसलेलं हे माणूस नव्हतं. आणि १९७७ ची निवडणूक त्यांनी वडिलांशिवाय, स्वतःच्या नेतृत्वाखाली लढवून सत्ता राखली. खुर्ची वारशाने मिळाली हे खरं. त्या खुर्चीत बसून त्यांनी काय केलं ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये पाहा.

५. त्या भारतातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री होत्या का?

नाही. हा मान सुचेता कृपलानी यांचा, त्या १९६३ मध्ये उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्यानंतर ओडिशात १९७२ मध्ये नंदिनी सत्पथी. ताई तिसऱ्या. परीक्षेत 'गोव्याच्या पहिल्या' आणि 'देशातल्या पहिल्या' यांचा घोळ हमखास होतो.

६. त्या 'राज्याच्या' मुख्यमंत्री होत्या असं लिहिलं तर चालेल का?

नको. गोव्याला घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ ला मिळाला. ताईंच्या काळात गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता आणि वर राज्यपाल नव्हे, नायब राज्यपाल होते. हा नुसता शब्दाचा फरक नाही. पैशासाठी आणि मोठ्या विधेयकांच्या संमतीसाठी दिल्लीकडे बघावं लागे, आणि दिल्लीत सत्ता दुसऱ्या पक्षाची. जमिनीचे कायदे त्यांनी अशा हात बांधलेल्या अवस्थेत केले, हे लक्षात असू द्या.

७. मुंडकार कायदा म्हणजे काय? आमच्याकडे महाराष्ट्रात हा शब्दच नाही.

खरंय, सावंतवाडीच्या पलीकडे हा शब्द फारसा समजत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोव्यात जमीनमालकाला भाटकार म्हणतात. त्याच्या भाटात, म्हणजे माडाच्या किंवा काजूच्या बागायतीत, त्याच्या परवानगीने घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार. मातीच्या भिंती आणि छप्पर त्याने स्वतःच्या हातांनी उभं केलेलं, पण खालची जमीन भाटकाराची. बदल्यात भाटाची राखण करायची, नारळ पाडायला, सणासमारंभाला राबायला जायचं. भाटकाराची मर्जी फिरली की घर सोडायचं. छपराची नळी बदलायची तरी विचारावं लागे. मुंडकार भाटकाराविरुद्ध मत द्यायला का कचरत असे, ते यावरून कळेल.

ताईंच्या सरकारने १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा केला. मुंडकाराला हुसकावता येणार नाही, आणि राहतं घर व त्याभोवतीची थोडी जमीन ठरावीक किंमत भरून त्याला विकत घेता येईल. पंचायत हद्दीत ही जमीन जास्तीत जास्त ३०० चौरस मीटर, शहरात २००. निर्णय मामलेदाराचा.

माझी आत्या डिचोली तालुक्यात अशाच एका घरात नांदली. तिच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी असायची. लग्नपत्रिका, रेशनकार्ड आणि मुंडकार नोंदणीचा उतारा, तिन्ही त्या एका पिशवीत. उताऱ्याची घडी उलगडून उलगडून मधोमध झिजली होती, म्हणून मागून पातळ कापडाची पट्टी चिकटवलेली. दरवर्षी चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, बांधायच्या आधी ती पिशवी खाली काढायची, कागद उन्हात धरून वाळवी लागली नाही ना ते बघायची आणि पुन्हा वर ठेवायची. त्यावर सासऱ्यांचं नाव होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण नाव कुठल्या ओळीत आहे ते ठाऊक होतं. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणायची, "हें ताईन दिलां."

८. कूळ कायदा आणि मुंडकार कायदा एकच ना?

नाही. कूळ जमीन कसतं, मुंडकार जमिनीवर राहतो. एकच माणूस दोन्ही असू शकतो आणि बऱ्याचदा असायचाही, पण हक्क वेगळे, कायदे वेगळे, अर्जही वेगळे.

कुळांसाठीचा कायदा भाऊसाहेबांच्या काळातला, १९६४ चा. त्याने कुळांना संरक्षण दिलं, पण मालकी दिली नाही. मालकी देणारी पाचवी दुरुस्ती १९७६ ची, म्हणजे ताईंच्या काळातली. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व गोव्यात या दुरुस्तीने आलं. कूळ कसत असलेल्या जमिनीचं ते खरेदीदार मानलं जाईल आणि किंमत मामलेदार ठरवेल, असा तिचा गाभा. म्हणून 'कूळ कायद्याचं श्रेय कोणाचं' या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. पायरी वडिलांनी घातली, दार मुलीने उघडलं.

९. मग जमिनी लगेच कुळांच्या नावावर झाल्या का?

नाही झाल्या. भाटकार कोर्टात गेले. गोव्यातल्या तेव्हाच्या ज्युडिशियल कमिशनर कोर्टात दुरुस्ती टिकली नाही. मग कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेला (तिथल्या कायद्यांना कोर्टात सहजासहजी आव्हान देता येत नाही) आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. यात वर्षं गेली. आजही मामलेदार कचेरीत कूळ-मुंडकारांचे दावे चालतात. ज्यांनी अर्ज केला तो आजोबा आता हयात नाही, वारसांची यादी वाढलेली आहे आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले आहेत, अशी अनेक घरं आहेत.

कायदा करणाऱ्याचं श्रेय मोठंच, पण तो घरापर्यंत पोहोचवायला यंत्रणा लागते. ती ना ताईंच्या सरकारने पुरेशी उभी केली, ना त्यांच्यानंतरच्यांनी. हे मला मनापासून खटकतं. (तुमचा स्वतःचा दावा असेल तर आधी 'एक-चौदा'चा, म्हणजे गोव्यातल्या जमीन नोंदीचा, उतारा काढून कुळाच्या रकान्यात नाव आहे का ते पाहा आणि मग वकिलाकडे जा. इथे कायद्याचा सल्ला देता येणार नाही.)

१०. त्यांच्या काळात सगळे खूश होते का? आमचे काका तर मोर्चात होते म्हणतात.

काका बरोबर सांगतात. सत्तरच्या दशकात गोव्यात दोन मोठी आंदोलनं झाली. एक रापणकारांचं. किनाऱ्यावरून रापण ओढून मासे धरणारे पारंपरिक मच्छीमार यांत्रिक ट्रॉलर्सविरुद्ध उभे राहिले. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी उपसून नेत आणि रापणीत काही उरत नसे. मच्छीमारीचं नियमन करणारा कायदा १९८० मध्ये झाला, तोवर ताईंचं सरकार गेलं होतं. दुसरं आंदोलन विद्यार्थ्यांचं, बसच्या तिकिटात ५० टक्के सवलतीसाठी. त्यातून एक पिढी राजकारणात उतरली.

कूळ-मुंडकाराचं दुःख ज्या सरकारला नेमकं कळलं त्याला रापणकाराचं तेवढं कळलं नाही, असं माझं मत आहे. मगोची मुळं शेतात होती, दर्यावर नव्हती.

११. १९७९ मध्ये सरकार नेमकं कशाने पडलं?

आकड्यांनी. १९७२ मध्ये भाऊसाहेबांनी ३० पैकी १८ जागा जिंकल्या होत्या. जून १९७७ मध्ये ताईंना १५ मिळाल्या, म्हणजे बरोबर निम्म्या. त्यातला एक सभापतीच्या खुर्चीवर बसवला की सभागृहात १४ उरतात. अशा सरकारात प्रत्येक नाराज आमदार सरकार पाडण्याइतका मोठा होतो, आणि तसंच झालं. एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षातलेच आमदार विरोधकांना जाऊन मिळाले, बहुमत गेलं आणि २७ एप्रिलला सरकार संपलं. मग राष्ट्रपती राजवट आली.

पक्षांतरबंदी कायदा असता तर? तो आला १९८५ मध्ये. १९७९ ला पक्ष सोडणाऱ्या आमदाराला कसलीच भीती नव्हती. आज गोव्यातल्या पक्षांतरांची चर्चा देशभर होते, पण या रोगाची सुरुवात कालपरवाची नाही. भाऊसाहेबांच्या काळातही बंडं झाली होती. फरक एवढाच की ते उभे राहिले की बंड शमायचं.

१२. त्या दोनदा मुख्यमंत्री झाल्या की एकदा?

दोन्ही उत्तरं छापलेली सापडतील. १९७३ ला एकदा आणि १९७७ च्या निवडणुकीनंतर पुन्हा, अशी शपथ दोनदा झाली, पण मध्ये खंड नाही. 'कार्यकाळ किती' असं विचारलं तर दोन, 'सलग किती काळ' विचारलं तर ऑगस्ट १९७३ ते एप्रिल १९७९.

१३. त्या काँग्रेसमध्ये गेल्या होत्या हे खरं का? मग मगोच्या नेत्या कशा?

खरं आहे, आणि ताईंवर प्रेम करणाऱ्यांना हे सांगायला जड जातं. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोच्या सातच जागा आल्या आणि प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. हे तेच राणे, ज्यांना भाऊसाहेबांनी राजकारणात आणून १९७२ मध्ये मंत्री केलं होतं. त्यानंतर ताई मगोतल्या बहुतेक आमदारांसह काँग्रेसमध्ये गेल्या. पक्ष जवळजवळ संपलाच होता. रमाकांत खलप आणि उरलेल्यांनी तो धरून ठेवला.

काँग्रेसमध्ये त्या रमल्या नाहीत. बाहेर पडून त्यांनी वडिलांच्या नावाने 'भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष' काढला. १९८४ च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही, मगोला मात्र आठ मिळाल्या. मतदाराने वडिलांचं नाव आणि वडिलांचा पक्ष यांतून पक्ष निवडला. त्यानंतर ताई मगोत परतल्या.

नाव वारशाने मिळालं तरी ते जिथे रुजलेलं असतं तिथून उपटून दुसरीकडे लावता येत नाही. आपल्याकडच्या इतर राजकीय घराण्यांबद्दल कोणी मला विचारलं की मी १९८४ चं हे उदाहरण देते.

१४. १९९० चा 'माध्यमाचा निर्णय' काय होता?

१९९० मध्ये आघाडी सरकारात ताई शिक्षणमंत्री होत्या. प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवं असेल तर माध्यम मातृभाषेचं किंवा प्रादेशिक भाषेचं हवं, असा निर्णय झाला. इंग्रजी शाळा बंद केल्या नाहीत, त्यांचं प्राथमिकचं अनुदान थांबवलं. 'इंग्रजीवर बंदी घातली' असं जे फिरतं ते चूक आहे.

परिणाम मोठा झाला. चर्चच्या संस्थांच्या बऱ्याच प्राथमिक शाळांनी माध्यम बदलून कोकणी केलं. म्हणजे मराठीवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्र्याच्या निर्णयाने हजारो मुलं कोकणीतून मुळाक्षरं शिकली. ही गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात आहे.

१५. म्हणजे त्या कोकणीविरोधी नव्हत्या?

राजभाषेच्या वादात त्या मराठीच्या बाजूने ठाम होत्या, यात शंका नाही. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला वापराची मुभा राहिली. मराठीलाही बरोबरीचा दर्जा हवा, ही मागणी ताईंनी सोडली नाही. कोकणी चळवळीतल्या लोकांचा त्यांच्यावर राग होता आणि त्यामागे कारणं होती. मराठीचा आग्रह धरताना मगोतल्या अनेकांनी कोकणीला 'बोली' म्हणून हिणवलं, ते चुकीचंच होतं.

पण गोव्यातलं बहुजन हिंदू घर आठवून पाहा. बोलायला कोकणी, आणि आरती, पोथी, भजन, नाटकाची वही मराठीत. माझ्या आत्याच्या घरात दोन्ही भाषा नांदत होत्या आणि तिला त्यात भांडण दिसत नव्हतं. शाळेच्या बाबतीत ताईंची भूमिका या घरासारखी होती. कोकणी असो वा मराठी, मूल घरच्या भाषेत शिको.

१६. आणि २०११ चं आंदोलन? तेव्हा तर त्या पंचाहत्तरीच्या पुढे होत्या.

२०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि नेतृत्व ताईंकडे आलं. वय ७६. सोबत मराठीवाले होते आणि कोकणीवालेही, पंचवीस वर्षांपूर्वी राजभाषेसाठी एकमेकांसमोर उभे ठाकलेले लोक. २०१२ मध्ये सरकार बदललं, पण अनुदान चालूच राहिलं. १९९० चा त्यांचा निर्णय त्यांच्या हयातीतच मागे पडला होता. तरी त्या मंचासोबत राहिल्या.

यात त्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं. तिकीट नाही, खुर्ची नाही. प्रश्न ४ विचारणाऱ्यांना मी म्हणून नेहमी इथवर वाचायला सांगते.

१७. त्यांच्या अखेरच्या काळाबद्दल काही?

भाषा माध्यमाचा प्रश्न पुन्हा पेटलेला असताना, २०१७ च्या निवडणुकीला काही महिने उरले असताना त्या गेल्या. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. बातमी आली तेव्हा मी आत्याकडेच होते. तिने टीव्हीचा आवाज कमी केला, स्टुलावर चढून ती पिशवी खाली काढली आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसली.